चीजमधले न सांगितलेले ॲलर्जन : पाकीट, काउंटर आणि तळणीचं तेल

खाजनबांध (आहार व आरोग्य » गोवा)

चीज आणि ॲलर्जी हा विषय इथे निरनिराळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी येऊन गेलाय, म्हणून एकत्र धागा काढतोय.

दुधाची ॲलर्जी असलेला माणूस चीज दिसलं की आपणहून लांब राहतो. फसतो तो दुसरा, ज्याला दूध चालतं पण अंडं, काजू, शेंगदाणा, गहू, सोया किंवा सुंगटं (कोळंबी) चालत नाहीत. चीज म्हणजे दूध, मीठ, विरजण आणि रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम), त्यात तपासायचं काय, असं त्याला वाटतं. साध्या चीजच्या न उघडलेल्या ठोकळ्यापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण आपण खातो ते बहुतेक वेळा प्रोसेस्ड, मसाला घातलेलं, किसून पिशवीत भरलेलं, नाहीतर कोणीतरी कापून, वितळवून, तळून दिलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर एखादा पाहुणा आत शिरू शकतो.

आधी कायदा. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग अँड डिस्प्ले नियमांप्रमाणे ॲलर्जनचे आठ गट ‘कंटेन्स’ म्हणून वेगळे लिहावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचवाले जलचर (कोळंबी, खेकडे), दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, झाडावरचे सुके मेवे (काजू, बदाम, अक्रोड, पिस्ता) आणि सोया. शिवाय सल्फाइट किलोमागे १० मिग्रॅ किंवा जास्त असेल तर तेही. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. युरोपात ती दोन्ही आहेत, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ आला. म्हणजे तिळाची किंवा मोहरीची ॲलर्जी असेल तर भारतीय पाकिटावरची ‘कंटेन्स’ची ओळ तुमच्या कामाची नाही. घटकांची यादीच वाचायची, आणि तिथेही ‘मसाले’ एवढा एकच शब्द असू शकतो, कारण मसाल्यांना गटाच्या नावाने लिहायची मुभा आहे. चीज स्प्रेड आणि चीज सॉसमध्ये मोहरी सर्रास असते. अशा वेळी कंपनीला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

घटकांच्या यादीत आणखी एक फट आहे. एखादा घटक स्वतःच मिश्रण असेल (उदा. ‘पेरी पेरी सीझनिंग’) आणि त्याचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या पोटातले घटक वेगळे लिहिण्याची सक्ती नाही. ॲलर्जनची ओळ मात्र तरीही बंधनकारक आहे. म्हणून यादीत गहू दिसला नाही आणि खाली ‘कंटेन्स व्हीट’ असेल, तर खालची ओळ खरी मानायची. जिरा-चीज, मसाला-चीज आणि चीजच्या चवीच्या कुरकुरीत पदार्थांत गहू बऱ्याचदा हिंगातून येतो. बाजारातली बांधाणी हिंग ही मैदा किंवा दुसरा स्टार्च आणि डिंक मिसळून केलेली असते. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी हे गाठीला बांधून ठेवावं.

आणि छोटं पाकीट. ज्याचं पृष्ठफळ १०० चौ. सेमीपेक्षा जास्त नाही अशा वेष्टणाला घटकांची यादी माफ आहे, ती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असते. चीजचे क्यूब खोक्यातून काढून फ्रीजच्या दारात टाकले की यादी गेली कचऱ्यात. खोकं फेकण्याआधी घटक, ॲलर्जनची ओळ, बॅच नंबर, तारीख आणि १४ आकडी लायसन्स नंबर येईल असा एक फोटो काढा.

जाणकारांनी भर घालावी. स्वतःच्या हकिगती नकोत, माहिती द्या.

---

मांडवीकाठ

चांगला धागा. पणजीच्या सुपरमार्केटांत इटालियन, डच, पोर्तुगीज चीज मिळतं. जुन्या मुरलेल्या कडक चीजमध्ये अंडं असतं असं ऐकलंय. खरंच का? अंडं घालून चीज करतात तरी कसं?

---

कुर्टी_फाटा

मांडवीकाठ, चीज अंड्याने ‘करत’ नाहीत. अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं लायसोझाइम नावाचं एन्झाइम दुधात घालतात. महिनोन्महिने मुरणाऱ्या कडक चीजमध्ये क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वायू धरतात, चीजचं गोल चाक आतून फुगतं, फुटतं आणि वास मारतं. लायसोझाइम त्यांना रोखतं. ग्राना पादानोत ते वापरतात आणि लेबलवर लिहितात. पार्मिजानो रेज्जानोत वापरायला परवानगी नाही. ही दोन्ही चीजं दिसायला सारखी, किसून वापरायची पद्धतही सारखी, आणि हॉटेलात दोघांनाही ‘पार्मेझान’च म्हणतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर हा फरक महत्त्वाचा.

पाकिटावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह ११०५’ एवढंच असू शकतं. ११०५ म्हणजे लायसोझाइम. आकडा पाठ करून ठेवा. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेकदा सोयाचं. ३३१, ३३९, ४५२ हे वितळवण्याचे क्षार, ॲलर्जीच्या दृष्टीने निरुपद्रवी. १६०बी म्हणजे अनाटो, पिवळा-केशरी रंग. वनस्पतीजन्य असला तरी क्वचित कुणाला त्याचीही ॲलर्जी असते.

आयात मालावर मूळ भाषेतला मजकूर वाचण्याची सवय लावा. युरोपीय नियमांनुसार ॲलर्जन यादीतच ठळक छापावे लागतात, त्यामुळे भाषा न कळताही जाड अक्षरं दिसतात. अंड्याला इटालियनमध्ये ‘उओवो’, पोर्तुगीजमध्ये ‘ओव्हु’, जर्मनमध्ये ‘आय’. सुक्या मेव्याला इटालियनमध्ये ‘फ्रुत्ता आ गुश्यो’. पोर्तुगीजसाठी घरातल्या आजी-आजोबांना हाक मारा, गोव्यात अजून ती सोय आहे. आयातदाराचं स्टिकर नेमकं घटकांच्या यादीवर चिकटलेलं असेल आणि खालचं वाचता येत नसेल, तर ते पाकीट सोडून द्या.

भारतीय पाकिटापुरती एक सोय: आपल्याकडे अंडं मांसाहारात मोजलं जातं. हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये अंड्याचं लायसोझाइम घटक म्हणून चालत नाही. चुकून लागलेल्या अंशाबद्दल मात्र तो ठिपका काहीच सांगत नाही, आणि काजू-शेंगदाणा-गव्हाशी तर त्याचा संबंधच नाही.

आता कारखान्यात चूक कुठे होते ते.

(१) प्रोसेस्ड चीज साधारण ८० ते ९० अंशांवर शिजवतात. प्रत्येक घाण्याची थोडी खुरचण, वाकडे स्लाइस, भांड्याच्या तळाचा माल उरतो. तो फेकत नाहीत, पुढच्या घाण्यात वितळवतात. याला रीवर्क म्हणतात. अक्रोड किंवा मसाल्याच्या घाण्याचा रीवर्क साध्या घाण्यात गेला की साध्या चीजच्या पाकिटात अक्रोड आला, लेबल मात्र साधंच. शिजवल्याने ॲलर्जी घालवता येत नाही. शेंगदाण्याची, काजूची, दुधातल्या केसीनची प्रथिनं त्या तापमानाला टिकून राहतात. चांगल्या कारखान्यात रीवर्क ज्या प्रकाराचा त्याच प्रकारात जातो आणि दिवसाचा क्रम साध्यापासून सुरू होऊन मेव्याच्या प्रकाराने संपतो.

(२) चुकीचं वेष्टण. माल बरोबर, वेष्टणाचं रीळ दुसऱ्या प्रकाराचं. प्रकार बदलताना आधीचं एकही रिकामं पाकीट किंवा रीळ लाइनवर राहता कामा नये, आणि नव्या रिळाचं पहिलं पाकीट दुसऱ्या माणसाने वाचून सही करायला हवी. कुठलंही यंत्र लागत नाही याला, तरी नेमकं हेच राहून जातं.

(३) पुरवठादाराचा मसाला. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ मध्ये अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत शेंगदाणा सापडला आणि ती पूड घातलेले किती तरी पदार्थ परत बोलवावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी घातलेले पदार्थच टाळायला सांगितलं, कारण भारतातून गेलेल्या मोहरीत शेंगदाणा निघाला होता. चीज करणाऱ्याने शेंगदाणा डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. म्हणून शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर साधं चीज मसाल्याच्या चीजपेक्षा केव्हाही बरं.

किसलेल्या चीजच्या पिशवीत तुकडे चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज किंवा स्टार्च भुरभुरतात. बहुधा बटाट्याचं किंवा मक्याचं. नुसतं ‘स्टार्च’ लिहिलं असेल तर ग्लुटेनवाल्यांनी विचारावं, नाहीतर ठोकळा घेऊन घरी किसावा. तो स्वस्तही पडतो.

---

बोंडला

हल्ली प्रत्येकच पाकिटावर ‘मे कंटेन नट्स, सोया, व्हीट’ असतं. कंपन्या हात झटकायला लिहितात. ते मनावर घेतलं तर उपाशी राहावं लागेल. माझ्या मते ‘कंटेन्स’ पाहावं, ‘मे कंटेन’ सोडून द्यावं.

---

खाजनबांध

बोंडला, वैताग समजतो, पण निष्कर्ष धोक्याचा आहे. ‘मे कंटेन’ किती अंशांच्या पुढे लिहायचं याची मर्यादा आपल्या नियमांत नाही. एक कंपनी खरोखर त्याच लाइनवर काजू चालवते म्हणून लिहिते, दुसरी वकील सांगतो म्हणून. वाक्य एकच, बाहेरून फरक कळत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: ‘मे कंटेन’ नाही म्हणून लाइन स्वच्छ, असंही धरता येत नाही.

प्रमाण किती लहान असतं त्याचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. एफएओ आणि डब्ल्यूएचओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ गटाने लेबलिंगसाठी सुचवलेले संदर्भ डोस प्रथिनांच्या मिलिग्रॅममध्ये आहेत: काजू, पिस्ता, अक्रोड १, शेंगदाणा, अंडं, दूध २, गहू ५, कोळंबी २००. काजूत साधारण १८ टक्के प्रथिन धरलं तर १ मिग्रॅ प्रथिन म्हणजे साडेपाच मिग्रॅ काजू, सुरीच्या पात्याला लागलेला बारीक कण. चीजमध्ये २० ते २५ टक्के प्रथिन असतं, म्हणजे दुधाचे २ मिग्रॅ आठ-दहा मिग्रॅ चीजमध्ये भरले. हे आकडे उद्योगाने लेबल कधी लावावं यासाठी आहेत. त्या डोसला ॲलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना तरी त्रास होऊ शकतो, त्यामुळे ‘एवढं मला चालतं’ असा त्यांचा अर्थ कोणी लावू नये.

कंपनीला लिहायचं तर ‘तुमच्या चीजमध्ये काजू आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणार. विचारा: याच लाइनवर दुसरे कोणते प्रकार भरले जातात? प्रकार बदलताना ओली धुलाई होते की नुसतं पुसतात? धुतल्यावर कोणत्या ॲलर्जनची चाचणी करता? रीवर्क वापरता का, आणि कशात? नीट उत्तर देणारी कंपनी तीन-चार ओळींत देते. ‘आमची उत्पादने सर्व मानकांनुसार’ अशी गोलमोल पाटी आली तर घरात तीव्र ॲलर्जी असताना मी ते पाकीट नेणार नाही.

---

शॅकमागचा_धूर

पाकिटाचं झालं. गोव्यात खरी गडबड पाकीट फुटल्यावर होते. केटरिंग आणि शॅकच्या (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांच्या) बाजूने सांगतो.

सर्वांत वाईट जागा तळणीची कढई. चीज बॉल, रवा लावलेली सुंगटं, मासळीचे काप, फ्राइज, सगळं एकाच तेलात. तेल उकळतं म्हणून ‘सगळं मरतं’ हा गैरसमज. जंतू मरतात, प्रथिनं तेलात आणि तळाच्या चुऱ्यात राहतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. तेल गाळलं तरी हेच. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याने शॅकमध्ये चीज बॉल मागवताना एकच प्रश्न विचारावा: फ्रायर वेगळा आहे का? ‘तेल नवीन आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही, दुपारपर्यंत त्यात काय काय पडलंय कोण सांगणार.

दुसरी जागा रिसॉइसचं (भराई घालून तळलेल्या गोवन करंज्यांचं) ताट. सुंगटांचे रिसॉइस आणि चीजचे रिसॉइस, आकार तोच अर्धचंद्राचा, पावाचा चुरा तोच, रंग तोच. भराईत पांढरा सॉस, म्हणजे दूध-मैदा. बाहेरून अंड्यात बुडवलेले. तळून एका ताटात आले की करणाऱ्यालाही ओळखता येत नाहीत. लग्न, बारसं, नाताळची ऑर्डर देताना चीजचे वेगळ्या आकारात करायला सांगा, गोल किंवा चौकोनी. झेंडी टोचणं निरुपयोगी. पहिला पाहुणा ती काढून बाजूला ठेवतो.

तिसरी, मांस आणि चीज कापायचं मशीन. मोर्तादेल्ला या इटालियन सॉसेजात पिस्ते असतात. ती कापून झाली की त्याच पात्यावर तुमचं गौडा चीज. पात्याच्या मागे आणि गार्डच्या फटीत पिस्त्याचा गाळ बसतो, वरून फडकं फिरवून निघत नाही. काउंटरवर कापून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेल्या तुकड्यावर बहुधा वजन-किंमतीचंच स्टिकर असतं. पिस्ता-काजूची ॲलर्जी असेल (दोन्ही एकाच कुळातले, एक चालत नाही त्याला दुसराही बहुधा चालत नाही) तर कंपनीने सील केलेला तुकडा घ्या, काउंटरचा नको.

सॉसची गोष्ट थोडक्यात. पेस्तो: आपल्याकडे पाइन नट महाग, म्हणून काजू घालतात. सीझर ड्रेसिंग: अँचोव्ही मासा, अंडं, चीज. चीज टोस्टवर वूस्टर सॉस: पुन्हा अँचोव्ही, आणि काही ब्रँडांत बार्लीचं व्हिनेगर. पांढऱ्या ‘चीज ग्रेव्ही’त काजूची पेस्ट असते असंच धरून चाला, मेनूवर लिहिलेलं नसलं तरी. चीज नानच्या कणकेत काही ठिकाणी अंडं घालतात.

आणि वेटरला ‘ॲलर्जी आहे’ एवढंच सांगू नका. ‘मिरची कमी’ यासारखा तो निरोप आत जातो आणि विरतो. पदार्थाचं नाव, ॲलर्जनचं नाव आणि ‘दवाखान्यात न्यावं लागेल’ हे तीन शब्द, तेही स्वयंपाक्यालाच. गर्दीच्या वेळी, रात्री साडेनऊला, हे नीट होत नाही, साडेसातला जा. सेंट्रल लायसन्स असलेल्या किंवा दहा आणि अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर ॲलर्जनची माहिती द्यावी लागते. किनाऱ्यावरचा शॅक त्यात बसत नाही.

---

पेडण्याची_माय

घरात एकाला शेंगदाणा चालत नाही आणि दुसऱ्याला त्याशिवाय चालत नाही. चीजची किसणी, सुरी, पाट एकच आहे. गरम पाण्याने धुतलं की पुरे का? सॅनिटायझर मारला तर?

---

कुर्टी_फाटा

माय, सॅनिटायझर जंतूंसाठी. तो प्रथिन काढत नाही, पसरवतो. आणि थेट उकळतं पाणी ओतलंत तर चीज किंवा शेंगदाण्याचं प्रथिन शिजून धातूला घट्ट बसतं. क्रम असा: आधी खरवडून कोरडा कचरा काढा. मग कोमट पाण्याने वाहत्या धारेखाली धुवा. मग भांड्यांचा साबण आणि ब्रश, हाताला सोसवेल इतकं गरम पाणी. पुन्हा वाहतं पाणी. कागदी टॉवेलने कोरडं करा, ओट्यावरच्या फडक्याने नको. त्या फडक्याने आधी काय पुसलंय देव जाणे.

किसणीचं वेगळं. भोकांच्या मागच्या कडेत अडकलेलं ब्रशने पूर्ण निघालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. चीजसाठी वेगळी किसणी घ्या, शंभर-दीडशेचा प्रश्न आहे, आणि हँडलला लाल दोरा बांधा. लाकडी पाटाच्या चिरांबद्दलही तेच. फ्रीजमध्ये चीज वरच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि पीनट बटर खाली, म्हणजे सांडलं तरी चीजवर पडणार नाही. चीज स्प्रेडच्या बरणीत घालायचा चमचा पीनट बटरच्या बरणीतून आलेला नसावा. घरातली बहुतेक गडबड इथेच होते.

---

काजूबोंड

उत्तर गोव्यातल्या कॅफेंमध्ये ‘व्हीगन चीज’ बरंच मिळतं, त्याबद्दल.

इथलं व्हीगन चीज म्हणजे बहुधा काजू. भिजवायचे, वाटायचे, त्यात विरजण, खोबरेल तेल, कधी टॅपिओका स्टार्च आणि न्यूट्रिशनल यीस्ट. म्हणजे दूध टाळणाऱ्याला जे सुरक्षित वाटतं तेच काजूची ॲलर्जी असलेल्याला सर्वांत घातक. मेनूवर ‘प्लांट बेस्ड मोझरेला’ एवढंच असतं. पाटीवर काजू हा शब्द नाही म्हणून तो नाही असं समजू नका.

दूध टाळणाऱ्यांनाही दोन अडचणी. विरजणाची पावडर कधी दुधाच्या माध्यमावर वाढवलेली किंवा लॅक्टोजमध्ये मिसळलेली असते, तिच्या पाकिटावर वाचावं लागतं. आणि ‘नॉन-डेअरी’ किंवा ‘ॲनालॉग’ चीज म्हणजे दूधविरहित नव्हे. स्वस्त पिझ्झावरचं वितळणारं ॲनालॉग बरेचदा वनस्पती तेल आणि केसीन यांचं असतं, आणि केसीन हे दुधाचंच प्रथिन. कधी त्यात सोया प्रथिनही असतं. व्हीगनसाठी २०२२ चे वेगळे नियम आणि चिन्ह आहे, पण ते चिन्ह प्राण्यांच्या घटकांबद्दल आहे. काजू, सोया, गव्हाबद्दल ते काही बोलत नाही.

जाता जाता: ‘शेळीचं चीज चालेल ना’ हा प्रश्न हमखास येतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळी, मेंढी, म्हशीचंही चालत नाही, केसीनची ठेवण सारखीच आहे. ए२ दुधाचं चीज म्हणूनही सुटका नाही. लॅक्टोज न पचणं ही निराळी तक्रार. तिच्यात मुरलेलं कडक चीज अनेकांना चालतं, कारण मुरताना लॅक्टोज जवळजवळ संपतं. प्रथिन मात्र तसंच राहतं.

---

परखनळी

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं, कारण ‘टेस्ट करून घेतलंय, निगेटिव्ह आलं’ हे वाक्य फार ऐकू येतं.

ॲलर्जन शोधायला एलायझा (ठरावीक प्रथिन ओळखणारी चाचणी) वापरतात, निकाल किलोमागे मिलिग्रॅममध्ये. जागेवर करायच्या पट्ट्याही मिळतात. पण किट कशाचं आहे ते पाहा. दुधासाठी दोन वेगळी किटं: केसीनचं आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचं. दुसरं प्रथिन व्हेमध्ये (फाटलेल्या दुधाच्या पाण्यात) जातं आणि चीज करताना व्हे निथळून टाकतात. म्हणून यंत्रावर चीजचा अंश राहिलाय का हे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच्या किटने पाहिलं तर निकाल खोटा चांगला येतो. केसीनचं किटच हवं. उलट व्हे पावडर शोधायची तर पहिलं अपुरं.

अंड्याचंही तसंच. बरीच किटं ओव्हाल्ब्युमिन किंवा ओव्होम्युकॉइड ही अंड्यातली प्रथिनं ओळखतात, लायसोझाइम नाही. ग्राना पादानोचा नमुना अशा किटवर निगेटिव्ह येऊ शकतो आणि चीजमध्ये लायसोझाइम असतं. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

तिसरं म्हणजे वाटप. रीवर्कमधून आलेला मेवा घाण्यात सगळीकडे सारखा पसरत नाही, एका स्लाइसमध्ये असतो, दहांत नसतो. एका पाकिटाच्या निकालावरून पूर्ण बॅच निर्दोष ठरत नाही. एटीपी स्वॅब दाखवून ‘ॲलर्जन फ्री’ म्हणणाऱ्यांना विचारा: एटीपी सेंद्रिय मळ दाखवतो, कोणतं प्रथिन ते नाही. ‘ग्लुटेन फ्री’ला आपल्याकडे किलोमागे २० मिग्रॅची मर्यादा आहे, म्हणून तिथे अहवालातला आकडा ताडून पाहता येतो.

---

सांतइनेज

कोणी औषधाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रत्यक्ष डोस आपल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

अंगावर गांधी, ओठ सुजणं यासोबत श्वास लागणं, आवाज बसणं, वारंवार उलट्या, चक्कर यांपैकी काही असेल तर ती ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) समजायची. उपाय ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सिट्रिझिन, ॲव्हिल खाज कमी करतात. बंद होत चाललेला घसा उघडत नाहीत आणि उतरलेला रक्तदाब चढवत नाहीत. ‘आधी गोळी देऊन बघू’ यात वेळ जातो.

आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाहीत, त्यामुळे डॉक्टर बहुधा १ मिलिलिटरमध्ये १ मिग्रॅ अशी कुपी आणि सिरिंज लिहून देतात. हिशोब वजनाच्या किलोमागे ०.०१ मिग्रॅ, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. आराम नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, सुई आखूड असल्याने औषध स्नायूपर्यंत पोचत नाही आणि खुणाही युनिटच्या असतात. साधी १ मिलीची सिरिंज, सुमारे २५ मिमीची सुई, आणि कुपी फोडून भरायचा सराव आधीच पाण्याच्या कुपीवर करून ठेवा.

कुपी २५ अंशांच्या खाली, अंधारात. स्कूटरच्या डिकीत ठेवलेली मे महिन्यात कामाची राहत नाही. रंग गुलाबी-तपकिरी झाला की फेकायची.

माणसाला आडवा करा, पाय वर. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. १०८ ला फोन. बरं वाटलं तरी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), नाहीतर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात न्याच. काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या) घेणाऱ्यांवर ॲड्रेनलिनचा असर कमी पडतो, डॉक्टरांना ते आधी सांगून ठेवा.

---

बोंडला

‘मे कंटेन’चं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण लाइनचे प्रश्न उतरवून घेतले. आता सांगा, पाकिटावर नसलेलं काही निघालं तर करायचं काय? दुकानदार तर पैसे परत देऊन मोकळा होतो.

---

खाजनबांध

पैसे परत घेताना पाकीट परत देऊ नका, सगळ्यांचं तिथेच चुकतं. उरलेला माल त्याच वेष्टणासकट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बिल, बॅच नंबर, तारीख, खाल्ल्याची आणि लक्षणांची वेळ एका कागदावर लिहा. तक्रार एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० या फुकट क्रमांकावर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर. गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालय बांबोळीला आहे, तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. घटक न लिहिलेला माल चुकीच्या लेबलाचा ठरतो, २००६ च्या कायद्याच्या कलम ५२ खाली दंड ३ लाखांपर्यंत. एका पाकिटामुळे ती बॅच बाजारातून परत बोलावली जाऊ शकते, म्हणून बॅच नंबर बिलाइतकाच मोलाचा.

स्वतःहून तपासून घ्यायचं तर कलम ४० आहे. ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि अहवालात कायद्याचा भंग दिसला तर फी परत मिळते. अट एकच: नमुना तपासायचा आहे हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. म्हणजे खाऊन झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर हे कलम चालत नाही. त्याच बॅचचं दुसरं, सीलबंद पाकीट घ्या आणि तिथेच सांगा.

---

मांडवीकाठ

आणि काउंटरवरून कापून घेतलेलं असेल तर? बॅच नंबर कुठून आणणार?

---

शॅकमागचा_धूर

मूळ चाकाचं किंवा ठोकळ्याचं लेबल दुकानात असतं, बहुधा खालच्या बाजूला चिकटलेलं किंवा काउंटरखालच्या फायलीत. घेतानाच त्याचा फोटो मागा. दाखवायला कां-कूं केली तर दुसरं दुकान. बिलावर ‘चीज २०० ग्रॅम’ एवढंच नको, प्रकाराचं नाव लिहून घ्या.